अवघड जागेचं दुखणं डोक्यात पोहोचतं तेव्हा

(भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे. रुग्णांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



कुणी गाडी चालवताना ऐकत असेल, कुणी पोळ्या लाटताना. ऐका जरूर. फक्त घरात पंधरा ते चाळीस वयाचा मुलगा, भाऊ, नवरा असेल तर त्यालाही बोलवा आणि कानातले हेडफोन काढायला सांगून वीस मिनिटं बसवा. आजचं बोलणं मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

आपल्याकडे म्हण आहे ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. सगळे हसतात या म्हणीला. मीही हसायचो. पण माझ्या कामात या म्हणीपायी माणसं दगावलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे हल्ली तेवढं हसू येत नाही.

मी कॅन्सरवर औषधं देणारा डॉक्टर, म्हणजे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट. आज बोलणार आहे वृषणाच्या कॅन्सरबद्दल, आणि त्यातही तो मेंदूत पसरतो तेव्हा काय होतं त्याबद्दल. वैद्यकीय नाव जर्म सेल ट्यूमर. आपण जनन पेशींचा कॅन्सर म्हणू. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही, त्या चुकीतून शिकलो.

१९९९ सालचा पावसाळा. मी मेडिसिनला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट होतो. रात्री दोनच्या सुमारास एका बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे वडील आणि चुलते आले. फिट आलेली, डावा हात उचलत नाही, उलट्या. सीटी स्कॅन केला तर मेंदूत तीन-चार ठिकाणी गाठी, एकीत रक्तस्राव झालेला. छातीचा एक्सरे लावला तर दोन्ही फुप्फुसांत पांढरे गोल गोळे, पुस्तकात ज्याला तोफगोळे म्हणतात तसे. मला वाटलं, निदान झालं. कुठला तरी कॅन्सर आहे, फुप्फुसात पसरलाय, मेंदूतही गेलाय. तेव्हा माझ्या डोक्यात एकच समीकरण पक्कं होतं: कॅन्सर मेंदूत गेला म्हणजे खेळ आटोपला.

सकाळी सहा वाजता मी त्याच्या वडिलांना बाजूला घेतलं. म्हटलं, "काका, डोक्यात गेलंय. आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा." ते काही बोलले नाहीत. "साहेब, किती दिवस?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, महिना-दोन महिने. फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. आठची एसटी मिळावी म्हणून ते साडेसातलाच गेले.

नऊला राऊंड झाला. आमच्या सरांनी फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावल्या, दोन मिनिटं बघत राहिले आणि मला विचारलं, "वृषण तपासलंस?"

मी गप्प.

मी त्याचे डोळे बघितले होते, जीभ बघितली होती, छाती ठोकून बघितली होती, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली होती. पॅन्ट उतरवून बघितलं नव्हतं. रात्रीचे दोन, वॉर्डात माणसं, पडदा नाही, शेजारी नर्स. मला लाज वाटली होती. पेशंटला नाही, मला.

सर ओरडले नाहीत. "तोच असेल असं नाही, पण तो असता तर हा मुलगा बरा होऊ शकला असता," एवढं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. केसपेपरवर गावाचं नाव होतं, तालुका होता. मी पोस्टकार्ड टाकलं, नंतर आणखी एक टाकलं. उत्तर आलं नाही. त्याला नेमकं काय होतं ते मला आजही माहीत नाही.

त्याच जुलैच्या अखेरीस पेपरात खेळाच्या पानावर बातमी आली, लान्स आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन सायकलपटूनं टूर द फ्रान्स जिंकली. बातमीत एक वाक्य होतं की या माणसाला तीन वर्षांपूर्वी वृषणाचा कॅन्सर झाला होता आणि तो फुप्फुसांत आणि मेंदूत पसरला होता. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मेंदूत पसरला होता. आणि हा माणूस तीन आठवडे आल्प्सचे घाट चढत होता.

आता आधीच सांगतो, नाहीतर ऐकणारे मला मेसेज करतील. हो, तोच आर्मस्ट्राँग. पुढे त्यानं उत्तेजक द्रव्यं घेतल्याचं सिद्ध झालं, २०१२ मध्ये त्याच्या सातही टूर काढून घेतल्या गेल्या, २०१३ मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली. सायकलपटू म्हणून त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पेशंट म्हणून त्याची केस खोटी नव्हती, आणि आपल्याला तीच हवी आहे.

१९९६ मध्ये तो पंचवीस वर्षांचा होता. एक वृषण सुजलेलं होतं. सायकलवाल्याला तिथे दुखणारच असं समजून त्यानं ते बरेच महिने अंगावर काढलं. मग डोकं दुखायला लागलं, नजर अंधुक व्हायला लागली आणि एक दिवस खोकल्यातून रक्त पडलं. तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. २ ऑक्टोबरला निदान, दुसऱ्याच दिवशी वृषण काढलं. पोटात आणि फुप्फुसात पसरलेलं होतं. त्यानंतरच्या तपासणीत मेंदूतही दोन गाठी सापडल्या.

पहिली केमो टेक्सासमध्ये ऑस्टिनला झाली. मग तो इंडियानापोलिसला गेला, इंडियाना युनिव्हर्सिटीत. तिथे दोन निर्णय झाले. पहिला औषधांचा. या आजारात नेहमी तीन औषधं देतात, ब्लिओमायसिन, एटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन. त्यातलं ब्लिओमायसिन फुप्फुसाला इजा करू शकतं. सायकलपटूची फुप्फुसं म्हणजे त्याचं पोट भरायचं साधन. म्हणून त्याच्याऐवजी आयफॉस्फामाइड वापरलं. हा कोर्स शरीराला जास्त जड जातो, पण आजारावर तेवढाच चालतो. दुसरा निर्णय मेंदूचा. रेडिएशन देता आलं असतं. त्याऐवजी स्कॉट शपिरो या न्यूरोसर्जननं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कवटी उघडून त्या गाठी काढल्या. तपासल्यावर कळलं की गाठींतल्या बऱ्याचशा पेशी आधीच मेलेल्या आहेत. डिसेंबरच्या मध्यापर्यंत केमो संपली. एकूण चार कोर्स.

आता इंडियानापोलिसच का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. हा भाग मला फार आवडतो, त्यामुळे जरा रेंगाळलो तर चालवून घ्या.

१९६५ च्या आसपास मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग नावाचा संशोधक एक वेगळाच प्रयोग करत होता. विजेच्या क्षेत्रात बॅक्टेरियांचं काय होतं, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यानं द्रावणात प्लॅटिनमच्या पट्ट्या ठेवल्या आणि वीज सोडली. बॅक्टेरिया मेले नाहीत, पण त्यांचं विभाजन थांबलं. एकाचे दोन होण्याऐवजी ते नुसतेच लांब होत गेले, शेवयांसारखे. बरेच महिने घालवल्यावर लक्षात आलं की विजेचा संबंध नाही. पट्ट्यांमधलं प्लॅटिनम विरघळून जे संयुग तयार होतंय, ते पेशींना विभागू देत नाही. गंमत म्हणजे ते संयुग १८४५ पासून रसायनशास्त्राला माहीत होतं, कपाटात पडून होतं. त्याचं आजचं नाव सिसप्लॅटिन.

१९७४ मध्ये इंडियानापोलिसला लॉरेन्स आइनहॉर्न नावाच्या तरुण डॉक्टरनं ते इतर दोन औषधांबरोबर जॉन क्लेलंड या विद्यार्थ्याला दिलं. त्याचा आजार फुप्फुसांत पसरलेला होता, आधीची औषधं हरली होती. छातीतल्या गाठी काही आठवड्यांत विरघळल्या. क्लेलंड पुढे शिक्षक झाला, मुलाबाळांत रमला, कित्येक दशकं जगला. त्याआधी पसरलेल्या वृषणाच्या कॅन्सरमधून वाचणं हा अपवाद होता, त्यानंतर न वाचणं अपवाद होत गेलं. कॅन्सरच्या इतिहासात इतकं झटकन पारडं फिरल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

तुम्ही विचाराल, हाच कॅन्सर असा का विरघळतो? कारण तो ज्या पेशींपासून होतो त्यांचा स्वभाव. जनन पेशी पुढची पिढी घडवतात. त्यांच्या डीएनएत बिघाड झाला आणि तो तसाच पुढे गेला तर घात होईल. म्हणून या पेशी बिघाड झाल्यावर डागडुजी करत बसत नाहीत, मरून जातात. कॅन्सर झाला तरी बऱ्याचदा हा स्वभाव सुटत नाही. सिसप्लॅटिन डीएनएवर घाव घालतं आणि पेशी मरायला तयारच असते. फुप्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर इतका सरळ नसतो.

या पेशींबद्दल अजून एक सांगायलाच हवं. गर्भात त्या जिथे तयार होतात तिथे राहत नाहीत. लांबचा प्रवास करून वृषणाच्या किंवा अंडाशयाच्या जागी पोहोचतात. वारीसारखंच समजा. बहुतेक पंढरपूरला पोहोचतात, काही वाटेतल्या मुक्कामालाच राहून जातात. हे मुक्काम शरीराच्या मधल्या रेषेवर असतात, पोटात पाठीमागे, छातीच्या मध्यभागी, अगदी मेंदूतसुद्धा. त्यामुळे कधीकधी हा ट्यूमर थेट मेंदूतच सुरू होतो, मुलांमध्ये आणि किशोरवयात. तो वेगळा आजार, त्याचे उपचार वेगळे. आज आपण वृषणातून किंवा छातीतून मेंदूत गेलेल्याबद्दल बोलतोय. रिपोर्टवर दोन्हीकडे 'जर्म सेल' लिहिलेलं दिसतं म्हणून हे सांगितलं, गोंधळ नको.

मेंदूत जाणं दुर्मीळ आहे. वृषणाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एखाद-दोघांना होतं. मुळात हा कॅन्सरच आपल्याकडे कमी, भारतात वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी पुरुषांना होतो. डेन्मार्क-नॉर्वेत त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे कमी असल्यामुळेच डॉक्टरांच्याही डोक्यात तो पटकन येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतोय.

मेंदूत जास्त करून जातो तो कोरिओकार्सिनोमा नावाचा प्रकार. तो रक्तातून पसरतो आणि त्याच्या गाठींतून रक्तस्राव होतो. म्हणून तरुण मुलगा, ब्लडप्रेशर नाही, मार लागलेला नाही आणि मेंदूत रक्तस्राव, असं दिसलं तर ही शंका यायला हवी. या गाठी एचसीजी नावाचं हार्मोन सोडतात. हे तेच, जे गरोदर बाईच्या लघवीत येतं आणि किटवर दोन रेघा उमटवतं. त्यामुळे या मुलांच्या छातीला कधीकधी स्तनांसारखी सूज येते, हात लावला की दुखतं. मुलं ते कुणालाच सांगत नाहीत. सांगणार कसं?

आता आकडे. ते सांगितल्याशिवाय आशा दाखवणं म्हणजे फसवणूक होईल.

२०१६ मध्ये बऱ्याच देशांतल्या डॉक्टरांनी मिळून मेंदूत पसरलेल्या ५२३ रुग्णांची माहिती एकत्र केली. ज्यांच्या मेंदूत निदानाच्या वेळीच गाठी होत्या असे २२८, आणि उपचारानंतर आजार उलटून मेंदूत गेला असे २९५. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ४८ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले २७ टक्के. मेंदूत एकापेक्षा जास्त गाठी असतील, यकृतात किंवा हाडांत गेलेलं असेल, आजार छातीतून सुरू झालेला असेल, तर गणित बिघडतं.

४८ टक्के ऐकून कुणाला वाटेल, म्हणजे निम्मे गेलेच की. बरोबर, गेलेच. पण मी त्या काकांना पहाटे सहा वाजता जे सांगितलं होतं, त्यात निम्म्याचा हिशेबच नव्हता. शून्य सांगितलं होतं. शून्य आणि निम्मे यांच्यात बावीस वर्षांच्या पोराचं आख्खं आयुष्य असतं.

या आजारात तीन वर्षं निघाली की बहुतेकदा माणूस पुढेही निघतो. इतर कॅन्सर मेंदूत गेल्यावर आपण आयुष्य किती लांबवता येईल ते बघतो. इथे मेंदूत गेल्यावरही उद्देश बरं करण्याचाच असतो. औषधाचा डोस, सर्जनची घाई, नातेवाईकांशी बोलणं, सगळं त्या उद्देशानं ठरतं.

मेंदूला औषध पोहोचतं का, असं लोक विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा पहारा असतो, बरीच औषधं आत जात नाहीत, सिसप्लॅटिनही फारसं जात नाही. पण जिथे गाठ होते तिथला पहारा फुटलेला असतो. त्या फटीतून औषध गाठीपर्यंत जातं. म्हणून आधी केमो आणि मग काय उरतंय ते बघून सर्जरी किंवा नेमक्या जागेवर रेडिएशन, हा क्रम पुष्कळदा लागू पडतो. आख्ख्या डोक्याला रेडिएशन देणं शक्यतो टाळलेलं बरं असं माझं मत आहे. बावीस वर्षांचा मुलगा पुढे चाळीस-पन्नास वर्षं जगणार असेल तर त्याची स्मरणशक्ती, त्याचं काम, सगळं त्यात आलं. अर्थात ज्याला ते लागतंच त्याला द्यावंच लागतं.

आता दुसरा मुलगा. २०१० नंतरची गोष्ट, मी ऑन्कॉलॉजिस्ट होऊन काही वर्षं झाली होती. चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, एमआयडीसीत कामाला. खोकल्यातून रक्त पडत होतं म्हणून दीड महिना टीबीची औषधं चालू होती. एक्सरेवर डाग दिसले की आपल्याकडे आधी टीबी डोक्यात येतो, त्यात अगदीच चूक म्हणता येणार नाही. फरक पडेना, मग डोकं दुखायला लागलं, एक दिवस कंपनीतच फिट आली. माझ्याकडे आला तेव्हा आई बरोबर होती.

आईला म्हटलं, "मावशी, जरा बाहेर बसा." त्या म्हणाल्या, "मी आई आहे त्याची, माझ्यापासून काय लपवायचं?" म्हटलं, "मावशी, त्याला लपवायचं असेल." तेव्हा उठल्या.

दार लावलं. विचारायच्या आतच तो म्हणाला, "सर, खाली एक गाठ आहे." किती दिवस? आठ महिने. दुखते? नाही, म्हणून तर सोडून दिली. बुलेटची टाकी लागली असेल असं वाटलं होतं. मोबाइलवर शोधलं होतं त्यानं, कॅन्सर वाचून मोबाइल बंद केला होता. मित्राला विचारलं तर मित्र म्हणाला, लग्न झालं की जाते. खरंच असं म्हणाला, मी बनवून सांगत नाहीये.

आमच्या रेसिडेंट मुलीनं रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता लघवीची गर्भचाचणी केली. दोन रेघा. ती पट्टी हातात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. रक्तातलं एचसीजी नंतर लाखांत आलं. मेंदूत दोन गाठी, एकीभोवती सूज.

त्या रात्रीच औषध सुरू केलं. बायोप्सीशिवाय. लोकांना याचं आश्चर्य वाटतं, तुकडा न तपासता केमो कशी देता म्हणून. पण वय, वृषणातली गाठ, फुप्फुसांतले गोळे आणि इतकं चढलेलं एचसीजी हे सगळं एकत्र आलं की निदान झालेलं असतं, आणि पेशंट अत्यवस्थ असेल तर थांबायला दिवस नसतात. वृषण काढायची सर्जरीही नंतर केली. एरवी ती आधी करतात, आणि जांघेतून करतात. पिशवीला छेद देत नाहीत की सुई घालून तुकडाही घेत नाहीत, तसं केलं तर पेशी नव्या वाटेनं पसरू शकतात. हे लक्षात ठेवा, कुणी "जरा सुई घालून बघू" म्हणालं तर थांबवा.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही हात हलका ठेवला. या गाठी एकदम मरायला लागल्या की रक्तस्राव होऊ शकतो, फुप्फुसातही आणि मेंदूतही. तिसऱ्या रात्री त्याला धाप लागली, ऑक्सिजन वाढवावा लागला. मी घरी गेलो नाही. त्या रात्री मला मधूनमधून ती साडेसातला निघालेली माणसं आठवत होती, एवढं सांगतो.

मग एचसीजी उतरायला लागलं. रक्तात हे हार्मोन साधारण एक ते दीड दिवसात निम्मं होतं, त्यामुळे गाठी मरतायत की नाही ते आकड्यावरून कळतं. दर आठवड्याला त्याची आई कागद हातात घेऊन बाहेर बसायची. शिक्षण चौथी. पण शून्य किती गळले ते मोजायच्या. "डॉक्टर, या वेळी एक शून्य कमी आहे ना?" हो मावशी, एक कमी आहे.

तिसऱ्या कोर्सच्या आधी वडील आले. म्हणाले, घरात लग्न आहे, दहा दिवस पुढे ढकलता येईल का? मी नाही म्हटलं, जरा कडकच. या आजारात दर एकविसाव्या दिवशी पुढचा कोर्स झालाच पाहिजे. उशीर केला की उरलेल्या पेशींना उसंत मिळते. पैशांसाठी थांबू नका, सणासाठी थांबू नका, पांढऱ्या पेशी थोड्या कमी आहेत म्हणूनही डॉक्टरनं उगाच थांबू नये. त्या लग्नाला तो गेला नाही. वडील पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

चार कोर्स झाले. मेंदूतली एक गाठ पूर्ण गेली, दुसरी थोडी उरली. तिच्यावर नेमकं रेडिएशन दिलं. पोटातल्या गाठी सर्जननं काढल्या, त्यात जिवंत कॅन्सर नव्हता. आज तो कामावर आहे.

पण फुकट काही मिळालेलं नाही, हेही सांगायला हवं. सिसप्लॅटिननं त्याचे वरच्या पट्टीतले आवाज गेले. पक्ष्यांची किलबिल नीट ऐकू येत नाही, गजर वाजला तर बायको हलवून उठवते. पायाची बोटं बधिर आहेत, चप्पल निसटली तरी कळत नाही. आणि एक गोष्ट माझ्याकडून राहिली. केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवतात, पुढे मूल हवं असेल तर. त्या रात्री त्याची अवस्था तशी नव्हती, वेळही नव्हता, हे खरं. पण मी त्याला त्याबद्दल सांगितलंही नाही. लग्न ठरलं तेव्हा त्यानं स्वतः येऊन विचारलं. मुलीला सगळं सांगूनच लग्न केलं त्यानं, मुलीकडचे दोन जण अडून बसले होते, मुलगी अडली नाही. तपासणीत शुक्राणू कमी आहेत, पण आहेत. पुढचं त्यांचं चालू आहे.

सगळे असे निघत नाहीत. याच सुमाराला एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्याचा आजार छातीच्या मध्यभागी सुरू झालेला. आधी छान उतरला, चार महिन्यांनी मेंदूत उलटला. अशा वेळी आणखी एक दार असतं. जबर डोसची केमो आणि पाठोपाठ रुग्णाच्याच आधी काढून ठेवलेल्या मूळ पेशी परत द्यायच्या. इंडियानाच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये उलटलेल्या १८४ रुग्णांचे निकाल छापले, त्यातले ११६ आजारमुक्त राहिले होते. या मुलाला आम्ही त्या दारापर्यंत नेऊ शकलो नाही. त्याच्याबद्दल याहून जास्त मला बोलवत नाही.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. महिन्यातून एकदा, गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर, प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये धरून हळूच फिरवून बघा. मागच्या बाजूला दोरीसारखं मऊ काही लागेल, ते असतंच, घाबरू नका. एक थोडं मोठं, एक थोडं खाली, हेही असतं. शोधायचं ते वृषणावरच लागणारं कडक, खड्यासारखं काही, किंवा आख्खं वृषण जड झाल्यासारखं वाटणं. न दुखणारी गाठ जास्त संशयास्पद समजा. आढळली तर यूरॉलॉजिस्टकडे किंवा जनरल सर्जनकडे जा, सोनोग्राफी होते, दहा मिनिटांचं काम. पाण्याची सूज असेल, इन्फेक्शन असेल, बहुतेकदा तसंच काहीतरी निघतं. दोन आठवडे गोळ्या घेऊनही सूज उतरली नाही तर "बघू अजून" म्हणू नका, सोनोग्राफी मागा.

आयांनो, लहानपणी मुलाचं वृषण खाली उतरलेलं नव्हतं असं असेल तर डॉक्टरांना सांगा. वयात येण्याआधी ऑपरेशन झालं तर धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. आणि मुलगा डॉक्टरकडे जाताना तुम्ही बाहेर बसा.

आणि हे ऐकणारा कुणी रेसिडेंट असेल तर, रात्री दोन वाजता वॉर्डात पडदा नसेल तर चादर धरायला वॉर्डबॉयला सांग. धरतात ते.

प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या महिन्यात शंकांचा भाग करू. रिपोर्टचे फोटो मात्र पाठवू नका, फोटो बघून मी निदान करत नाही. आणि नाव लिहायचं नसेल तर लिहू नका, चालेल.